काच बदलली, पण कॅमेऱ्याचे काय?

संपादक महोदय,

‘ही गाडी आपोआप ब्रेक मारते,’ असे शोरूममध्ये हमखास सांगतात. ते खरे आहे. मात्र ती कशाच्या भरवशावर ब्रेक मारते, हे चावी हातात देताना फारसे कोणी सांगत नाही. मग मालकाच्या नकळत ही सोय अधू होते. म्हणून हे पत्र.

बहुतेक गाड्यांत या यंत्रणेला दोन डोळे असतात. कॅमेरा आतल्या आरशामागे, पुढच्या काचेला लागून असतो. रडार जाळीच्या किंवा बंपरच्या आड असते. काही गाड्या नुसत्या कॅमेऱ्यावरही चालतात. रडार अंतर आणि वेगातला फरक मोजते, समोर काय आहे ते कॅमेरा ओळखतो, आणि आहे तसेच चालू राहिले तर धडक किती सेकंदांत होईल, हा हिशेब संगणक अखंड करत असतो. साधारण दोन-अडीच सेकंद उरले की बीप-बीप सुरू होते. पुष्कळ गाड्यांत त्याच वेळी ब्रेकच्या नळ्यांत थोडा दाब भरून पॅड डिस्कला टेकवून ठेवतात. चालकाने तरीही काही केले नाही, तर शेवटी एबीएसचा (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पंप पुरा दाब देतो.

हा पुरा दाब धडकेच्या एक सेकंद आधी आला असे धरू. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि समोर उभी गाडी. ताशी ६० च्या वेगाला धडक साधारण १२ च्या वेगाने होते, म्हणजे बंपरवर निभावते. ताशी १०० असेल तर तीच धडक ६५ च्या आसपास होते. पावसात तर ६० चेसुद्धा जेमतेम ३८ होतात. यंत्रणा तीच, सेकंदही तोच; फक्त थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. द्रुतगती मार्गावर ‘गाडी सांभाळून घेईल’ म्हणून मोबाइल बघणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात घ्यावेत.

उभे वाहन हीच तर या यंत्रणेची अवघड जागा. कठडे, कमानी, पाट्या यांच्यावरूनही रडारला प्रतिध्वनी येतो. त्या प्रत्येकाला ब्रेक लागला तर मागचे वाहन येऊन आदळेल. म्हणून वेगात असताना स्थिर वस्तूला कॅमेऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय अनेक गाड्या जोराचा ब्रेक मारत नाहीत. कॅमेरा ओळखतो ते गाडीचे नेहमीचे मागचे रूप. गळीत हंगामात रात्री रस्त्याकडेला उभी असलेली उसाची ट्रॉली डोळ्यांपुढे आणा: दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. तिथे या यंत्रणेवर विसंबू नये.

आता काचेविषयी. आरशामागच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्टीत कॅमेऱ्यासाठी समलंब चौकोनी खिडकी मोकळी सोडलेली असते. फास्टॅगही तिथेच, आरशामागे लावायचा असतो. तो त्या खिडकीवर इंचभरही येता कामा नये. खड्याने तडा गेला की काच बदलली जाते, कॅमेरा नव्या काचेवर बसतो आणि गाडी घरी येते. पण कॅमेरा एक अंशाने जरी तिरका बसला, तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो. म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची निम्मी रुंदी. शेजारच्या लेनमधली गाडी समोर आहे असे वाटते, किंवा समोरची दिसतच नाही. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असे नाही. म्हणून काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, करायलाच हवे: सपाट फरशी, टायरमध्ये बरोबर हवा, डिकी रिकामी, ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक. काही मॉडेलना शिवाय ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवूनही बघावे लागते.

रडारचेही तसेच. बंपरला पुट्टी भरून जाड रंग मारला की लहरी अडतात. बंपर उतरवून बसवताना रडार धरून ठेवणारी पट्टी वाकली तर रडारची नजर रस्त्यावर तरी जाते, नाहीतर आभाळाकडे. दसऱ्याला झेंडूचा हार जरूर घालावा, पण रडारचे झाकण मोकळे ठेवून. ओल्या फुलांतले पाणी लहरी शोषून घेते. पावसाळ्यात ते झाकण रोज ओल्या कापडाने पुसावे.

शहरात दुचाकी आडवी आली की इशारा वाजतो, म्हणून कित्येक जण यंत्रणा बंदच करून टाकतात. तसे करू नये. मेनूमध्ये इशाऱ्याची वेळ ‘उशिरा’ करता येते. बहुतेक गाड्यांत त्याने फक्त बीप उशिरा वाजते. ब्रेकच्या वेळेत फरक पडत नाही.

विमा कंपन्यांना विनंती आहे, की काचेच्या दाव्यात कॅलिब्रेशनचा खर्च वेगळी ओळ म्हणून मंजूर करावा आणि गॅरेजकडून त्याची छापील नोंद मागावी. ती नोंद हातात येईपर्यंत मालकांनीही गाडी ताब्यात घेऊ नये.

– ब्रेक यंत्रणांवर काम करणारा एक अभियंता, पिंपरी-चिंचवड