ट्रॉलीमागे दडलेला गॅसचा कॉक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात सोसायट्यांमागून सोसायट्यांत पाइपचा गॅस आला. सिलिंडरचा नंबर लावायची कटकट गेली, याबद्दल तक्रार नाहीच. पण त्याच सुमारास मॉड्युलर किचनचीही लाट आली आणि गॅसच्या लाइनशी तिचे काही केल्या जमत नाही. सोसायटीचा सचिव म्हणून नूतनीकरणाचे अर्ज माझ्याकडे येतात, म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एका घरात गॅसचा वास येऊ लागला. घरात आजी एकट्याच. शेगडी बंद, तरी वास येतच होता. शेगडीजवळचा कॉक कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण सुताराने तो ट्रॉलीमागे टाकला होता. वॉचमनने ट्रॉली ओढून काढली, तर मागे प्लायवूड स्क्रूने पक्के बसवलेले. शेवटी खालून रायझरचा, म्हणजे मजल्यामजल्यांवर गॅस नेणाऱ्या उभ्या पाइपचा, व्हॉल्व्ह बंद केला आणि त्या लाइनवरच्या सगळ्या मजल्यांच्या शेगड्या विझल्या. गळती निघाली नळी आणि कॉकच्या जोडावर, अगदी किरकोळ. हाताशी असता तर पाव फेऱ्यात बंद होणारा कॉक! पुरवठा पुन्हा सुरू करताना वेगळाच घोर. विझलेल्या शेगडीचे बटण कुणी उघडे ठेवले असेल, तर तिथून गॅस नुसताच वाहणार. त्यामुळे आधी घरोघरी जाऊन बटणे तपासावी लागली. एक घर कुलूपबंद होते. ते लोक येईपर्यंत बाकीच्यांचा स्वयंपाक खोळंबला. त्या दिवशी मला काय काय ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

आपल्या बऱ्याच सवयी सिलिंडरच्या काळातल्या आहेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला की जमिनीलगत साचतो. पाइपचा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. म्हणून त्याला बाहेर पडायला वाट हवी ती छताजवळ. आणि आपण नेमके तिथेच फॉल्स सीलिंग करतो, लॉफ्टला दारे लावतो आणि कबुतरे येतात म्हणून खिडकीवरची झडप काच लावून बुजवतो. नवी शेगडी किंवा ओट्यात बसवायचा हॉब घेतानाही हीच तऱ्हा. पाइपच्या गॅसला दाब कमी, म्हणून बर्नरच्या जेटचे भोक मोठे लागते. सिलिंडरवरची शेगडी जेट न बदलता पाइपला जोडली तर आच मंद मिळते. उलट केले तर पिवळ्या ज्वाळा उठतात आणि भांडी काळी होतात. हॉबखालची नळी कपाटात बंद असते, ती उंदराने कुरतडली तरी दिसत नाही.

ड्राय बाल्कनीत लावलेला गॅस गिझर बाल्कनीला काचा बसवल्या की एकदम धोकादायक होतो. न्हाणीघरात तर तो लावूच नये. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, पण हवा कमी पडून अर्धवट जळालेल्या गॅसातून जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. ‘गळती झाली तर कळेलच की’ हा भरवसा तिथे उपयोगाचा नाही.

हे सगळे सुतारावर ढकलून मोकळे होण्यात अर्थ नाही. त्याला ओटा सुबक दिसायला हवा असतो, आणि आपल्यालाही. पण सोसायटी किचनच्या कामाला ना हरकत पत्र देते ते बाथरूमची गळती आणि डेब्रिज डोळ्यापुढे ठेवून. गॅसच्या लाइनचा त्यात उल्लेखही नसतो. आमच्या समितीने आता दोन अटी घातल्या आहेत: कॉक उभ्या उभ्या हाताला लागला पाहिजे आणि लाइन हलवायची असेल तर ती गॅस कंपनीच्याच माणसाने हलवायची. दोन सभासदांनी ‘डिझाइन बिघडते’ म्हणून वाद घातला. घालू देत.

गॅस कंपन्यांनाही एक विनंती आहे. लाइन हलवून द्यायला किती खर्च येतो आणि त्यासाठी कुणाला फोन करायचा, हे प्रत्येक बिलावर ठळक छापावे. हे माहीत नसते म्हणूनच लोक नाक्यावरच्या प्लंबरला बोलावतात.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, पुणे