मानधनाच्या त्या एका ओळीसाठी

आदरणीय काकूंना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून मुद्दाम उघड लिहितो आहे. "एवढं काय केलं मी?" असं तुम्ही म्हणणार, हे माहीत असूनही. निवृत्तीनंतर एडमंटनच्या घरी बसून, एक पैसा न घेता, तुम्ही कॅनडाच्या उत्तरेतल्या ग्रेट स्लेव्ह लेक या मोठ्या तळ्याकाठच्या, डेने या मूळनिवासी लोकांच्या एका वस्तीचे हिशेब मार्गी लावलेत. त्याचं मोल आपल्या मंडळींना कळायला हवं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या गावाला रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात स्नोमोबाइल आणि बाकी विमान. लोकांचं जेवण तळ्यावर आणि रानावर चालतं, म्हणून पाण्यात काय आहे हा इथे रोजच्या ताटाचा प्रश्न आहे. याच तळ्याकाठच्या यलोनाइफ शहराजवळच्या जायंट माइन या सोन्याच्या खाणीने जमिनीखाली २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे विष मागे ठेवलं आहे. पारा तर वाऱ्यावर येतो, त्यातला बराचसा दूर देशांतल्या, आशियातल्यासुद्धा, कोळशाच्या धुरातून. उत्तरेतल्या लोकांच्या अन्नात अशी द्रव्यं किती उतरतात हे तपासायला कॅनडा सरकारने १९९१ मध्ये नॉर्दर्न कंटॅमिनंट्स प्रोग्राम सुरू केला. आमच्यासारखी कामं अशाच निधीवर चालतात.

काम कसं चालतं ते तुम्ही फोटोतच पाहिलंत. बर्फाला भोक पाडून खाली जाळं सोडायचं. मासा वर आला की आमच्या गावच्या आजी तो फळीवर घेतात, पाठीकडचा मांसाचा तुकडा कापून पिशवीत टाकतात आणि मग डोकं उघडून कानातला इवलासा खडा सुरीच्या टोकाने अलगद बाहेर काढतात. त्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, ती मोजली की माशाचं वय कळतं. वय हवंच, कारण दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या मोठ्या, म्हाताऱ्या लेक ट्राउटमध्ये पारा साठत जातो. व्हाइटफिशमध्ये तो बराच कमी असतो. "मासे खाऊ नका" असं सरसकट सांगून भागत नाही. कोणता मासा, केवढा, गरोदर बाईने किती खावा, हे सांगता आलं पाहिजे.

आजींचा हात इतका सराईत आहे की प्रयोगशाळेतून आलेली मुलं त्यांच्याकडून शिकतात. आणि आमच्या पहिल्या अर्जात आजींच्या नावावर काहीच रक्कम नव्हती! उपकरणं होती, विमानभाडं होतं, सल्लागार होता. तुम्ही तो अर्ज वाचून फोनवर विचारलंत, "अरे, ही बाई फुकट राबणार का?" आणि अंदाजपत्रकात सगळ्यात वर ओळ घातलीत: ज्येष्ठांचं मानधन. त्याच्याखाली पेट्रोल, फ्रीझर आणि नमुने पाठवायचं विमानभाडं. देणाऱ्यांपैकी एकाने पावत्यांवरून अर्ज परत पाठवला तेव्हा तुम्ही रोखीचं साधं व्हाउचर तयार करून दिलंत, सहीला जागा आणि अंगठ्यालाही. पेट्रोल का लागतं याचं तुम्ही लिहिलेलं अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण मी अजून जपून ठेवलंय.

दुसरं ऋण ३१ मार्चचं. आपल्याकडच्यासारखंच इथेही सरकारी वर्ष त्या दिवशी संपतं. पण मार्च-एप्रिल म्हणजे दिवस मोठा, बर्फ पक्का, तळ्यावर जायचा खरा हंगाम. ऐन कामात पैसे संपणार आणि नवे यायला उन्हाळा उजाडणार. दर वर्षी तरुण पोरांना घरी बसवायचं आणि पुन्हा बोलवायचं, अशाने माणसं टिकत नाहीत. अनेक वर्षांचा करार मागा, शिल्लक पुढे नेण्याची परवानगी मागा, आणि मागताना संकोचू नका, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत.

याच तळ्याकाठच्या लुत्सेल के गावच्या डेने लोकांचं उदाहरण तुम्हीच बैठकीत मांडलं होतं. १९७० च्या सुमारास सरकारी राष्ट्रीय उद्यानाला त्यांनी नकार दिला, कारण शिकारीचा हक्क जाणार होता. पुढे स्वतःच्या अटींवर बोलणी करून २०१९ मध्ये थायदेने नेने हे २६,३७६ चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र उभं केलं. सोबत ३ कोटी डॉलरचा विश्वस्त निधी, निम्मा केंद्र सरकारचा आणि निम्मा खासगी देणगीदारांचा. मुद्दल हलवायचं नाही, उत्पन्नावर गावच्या रक्षकांचे पगार चालवायचे. व्याजावर घर चालवणं म्हणजे काय ते तुम्ही अशा थाटात समजावलंत की बैठकीतले म्हातारे मान डोलवायला लागले. माझ्या मते उत्तरेला द्यायच्या पैशाचं रूप हेच असावं: गावाच्या हातात, आणि वर्षानुवर्षं पुरणारं.

आम्ही अजून तिथवर पोचलेलो नाही. पण यंदा तीन वर्षांचा करार झाला आहे आणि त्यात मानधनाची ओळ पहिलीच आहे. बँड ऑफिसमधली (म्हणजे वस्तीच्या कारभाराच्या कचेरीतली) जी मुलगी तुमच्याकडे व्हिडिओ कॉलवर हिशेब शिकली, तिने पहिला तिमाही अहवाल एकटीने केला. तो तुम्हाला पाठवला आहे. सवडीने बघा आणि चूक असेल तर तिलाच फोन करा, मला नको.

काकांना नमस्कार.

तुमचा,
उत्तरेतला पुतण्या