ताणकाटा परत करायच्या आधी

ठाणे, वर्तकनगर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री मी ओरडलो ते तुझ्या जर्मनीतल्या शिक्षणाच्या हिशेबाच्या कागदावरून. टीव्हीपाशी पडला होता, विजेचं बिल समजून उचलला. महिन्याचं खोलीभाडं 420 युरो, विमा 150, फोन-प्रवास-वह्या 80, जेवण 90. आणि सगळ्यात खाली, 'बाबांना 250'. बेरीज 990. महिन्याला मिळणार 992. म्हणजे दोन युरो शिल्लक ठेवून तू महिना काढणार होतीस.

ओरडायला नको होतं. आई आणि बंटी समोर असताना तर नकोच. पण तू रडायला लागलीस आणि मला पुढचं बोलता येईना, म्हणून लिहितोय.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आपण 11,904 युरो भरले, म्हणजे जवळजवळ बारा लाख. ते एकदम हातात न देता महिन्याला 992 सोडतात, हे तूच मला समजावलं होतंस. परक्या देशातून आलेल्या पोराला तिथे राहायला निदान एवढे तरी लागतात, असं त्यांच्या सरकारनं धरलेलं आहे. निदान, ताई! आणि ते पैसे मुळात कर्जाचेच. बँकेकडून घ्यायचे, जर्मनीला धाडायचे आणि तिथून उपाशी राहून परत बँकेलाच द्यायचे, हा कुठला हिशेब?

घर तारण ठेवायची सही करताना तू माझ्याकडे बघत होतीस, ते मी पाहिलं. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात, त्यात आपली लाज काही नाही. शिक्षण संपून वर एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. व्याज चढतं, ते मी दर महिन्याला भरणार आहे. माझी नोकरी अजून सहा वर्षं आहे. पुढचं पुढे.

आता दुसरं. माझ्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक लहानपणी कडबा कापताना गेलं, असं मी तुम्हा दोघांना सांगत आलो. ते खोटं आहे. 1991 मध्ये कोरेगावहून आयटीआयचा टर्नर होऊन वागळे इस्टेटला लागलो. सावरकरनगरला एका खोलीत आम्ही सहा जण. खानावळीचे दोन वेळचे पैसे परवडायचे, पण मी एकाच वेळचे भरायचो आणि उरलेल्यांची मनिऑर्डर गावी करायचो. आबांना पत्रात लिहायचो, जेवणाची सोय उत्तम आहे. सकाळी चहा-खारी, आणि मग थेट रात्रीचं जेवण. एका दुपारी लेथवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हात मशीनमध्ये गेला. दोष मशीनचा नव्हता. मशीन चांगलं होतं, त्यावर 'वेस्ट जर्मनी' कोरलेलं होतं. (तो देश तेव्हा नकाशावर उरलाच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.) औषधपाण्यात आणि बिनपगारी रजेत किती गेले ते सांगत नाही. वर्षभराच्या मनिऑर्डरींपेक्षा जास्त गेले. आबा वारले, पण त्यांना हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

म्हणून तुझा तो 90 चा आकडा दिसला आणि डोकं फिरलं.

कामाचं म्हणशील तर तिथे विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. कर, पण पहिलं सेमिस्टर नको. आणि गोदामातल्या रात्रपाळ्या तर नकोतच. रात्रपाळी काय असते ते मला विचार.

पहिल्या महिन्याचं मात्र नीट ऐक. गेल्या गेल्या 992 मिळत नाहीत. आधी घरमालकाचा कागद, मग ते आन्मेल्डुंग का काय ते, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, तेही घरात शिरल्यापासून 14 दिवसांत, मग तिथलं बँक खातं, आणि मग कुठे पैसे सुटणार. तोवर फॉरेक्स कार्डावर भरलेले वापर, ते वाचवायला दिलेले नाहीत. खोलीचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागू शकतात. पण खोली न बघता, नुसत्या फोटोवर कुणाला पैसे पाठवू नकोस.

आईचं तूप बॅगेतून काढावं लागलं. दुधाचं काहीच तिकडे नेता येत नाही, पेढेसुद्धा नाहीत. ताजी फळं कागदपत्रांशिवाय चालत नाहीत. नारळ मात्र चालतो. हे ऐकल्यापासून आजी म्हणते, मग ओटीच भरून पाठवू. तिला समजव, मला जमलं नाही. कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याची चटणी दोन-दोन पिशव्यांत बांधली आहे. जांभळी नाक्यावरून तीन लिटरचा कुकर आणलाय, शिट्टी आणि जास्तीची रिंग त्याच्याच पोटात ठेवली आहे.

फोनचं असं. आता आपण साडेतीन तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार. तुझ्या संध्याकाळी सहाला आमचे साडेदहा होतील. मी जागा असेन. आई विचारेल, 'जेवलीस का?' तिला हवं ते उत्तर दे. मी विचारीन तेव्हा खरं सांगायचं. नसशील जेवली तर 'नाही' म्हण. मी ओरडणार नाही.

तुझ्या कागदावर मी पेनानं खाडाखोड केली आहे, रागावू नकोस. जेवण 90 खोडून 220 केलंय आणि शेवटची ओळ काढून टाकली आहे. तरी 122 उरतात. थंडीचे बूट घे, इथले तिकडे टिकणार नाहीत.

ताणकाटा भंगारवाल्याचा आहे, उद्या सकाळी परत द्यायचाय. मोठी बॅग अजून दीड किलो जास्त भरतेय. आज रात्रीच काय ते काढ, कुकर सोडून.

तुझे,
बाबा