हवानाऐवजी कोझुमेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलबद्दल आपल्या दैनिकात वरचेवर छापून येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, वर्षाला १० लाख प्रवाशांची सोय आहे, तपासणीचे ७२ काउंटर आहेत, आता परदेशी जहाजांची रीघ लागणार, असा एकूण सूर असतो. बातमी वाचून आमच्या शेजारच्या काकांनी कुंपणापलीकडून हाक मारली, "काय रे, तुझी बोट इली मरे मुंबयक!" मी सतरा वर्षं क्रूझ जहाजांवर केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारा, होतो, त्यातली बरीचशी फ्लोरिडातून सुटणाऱ्या जहाजांवर. त्यामुळे पाण्यावर दिसेल ती मोठी बोट काकांच्या लेखी माझीच.

टर्मिनल चांगलंच असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण इमारत बघून जहाज येत नाही, आणि आलेलं टिकतही नाही. मला हे कळलं ४ जून २०१९ च्या रात्री.

तेव्हा माझं जहाज क्युबाच्या फेऱ्या करायचं. फ्लोरिडातून निघायचं, हवानाला मुक्काम करायचा आणि परत. त्या दिवशी आम्ही समुद्रात होतो, परवा सकाळी हवाना. दुपारी अमेरिकी सरकारने जाहीर केलं की क्युबाला क्रूझ जहाज नेता येणार नाही. अंमल दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ५ जूनपासून. संध्याकाळी कॅप्टनने स्पीकरवरून सांगितलं. रात्री साडेदहाला हाउसकीपिंगच्या ऑफिसातून पत्रांचे गठ्ठे आले. प्रत्येकाने आपापल्या केबिनींच्या दाराखालून ते सरकवायचे. माझ्याकडे अठरा केबिनी होत्या. पत्र दोन परिच्छेदांचं, मतलब इतकाच की हवानाऐवजी कोझुमेल. कोझुमेल हे मेक्सिकोचं बेट. आमच्या नेहमीच्या प्रवाशांनी ते पाच-सहा वेळा बघितलेलं असायचं.

माझ्या एका केबिनमध्ये सत्तरी उलटलेल्या बाई होत्या, एकट्याच. जन्म क्युबातला, लहानपणी आईवडिलांबरोबर मायामीला आलेल्या, त्यानंतर परत गेल्याच नव्हत्या. क्युबात जन्मलेल्यांचे कागद वेगळे असतात, त्यांत त्यांचे दोन महिने गेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक बॅग पलंगाखाली सरकवायला सांगितली होती. उचलली तर खांदा निखळायची वेळ. आत काय, तर वाचायचे चष्मे, डोकेदुखीच्या गोळ्या, शिलाई मशीनच्या सुया आणि टूथपेस्टच्या चाळीसेक नळ्या. हवानात धाकटी बहीण राहायची. जहाज लागतं त्या धक्क्यासमोर रस्ता ओलांडला की चौक आहे, तिथे ती सकाळी आठला येऊन उभी राहणार होती. बहिणीकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे होता. त्या रात्री बाईंनी जहाजावरून तो फोन लावायची खटपट केली, लागला की नाही ते मला त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उतरताना चष्मे आणि औषधं परत घेऊन गेल्या. टूथपेस्ट माझ्या हातात ठेवली, "तुम्हा मुलांना होईल." आमच्या क्रू केबिनमध्ये ती ऑक्टोबरपर्यंत पुरली.

क्रूझवाल्यांच्या संघटनेने तेव्हा सांगितलं होतं की या एका निर्णयाने जवळपास आठ लाख बुकिंगांना धक्का बसला. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या आदेशात ज्यांनी तिकीट वगैरे आधीच काढलंय त्यांच्यासाठी सवलत होती. म्हणजे माणसाने आधी पैसे भरले असतील तर तो जाऊ शकत होता. पण दुसऱ्या खात्याने त्याच दिवशी प्रवासी जहाजांचा परवाना काढून घेतला. प्रवाशाला मुभा आणि जहाजाला मनाई. आपल्याकडच्या कचेऱ्यांत चकरा मारलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

वाचकांना वाटेल, एक बंदर गेलं तर दुसरं घ्यावं, एवढं काय? पण जहाजाची फेरी एसटीच्या थांब्यांसारखी नसते. कोणत्या दिवशी कोणत्या बंदरात हे दीड-दोन वर्षं आधी ठरतं, कारण धक्का तेवढा आधी मागावा लागतो. चांगल्या बंदरात त्या दिवशी दुसरी चार जहाजं रांगेत असतात. मग अंतर, वेग, इंधन. हवाना मायामीहून एका रात्रीवर, कोझुमेलला जायचं तर मधला एक अख्खा दिवस पाण्यातच. त्यात अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा अजून चालू आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेतले तर त्यांना नुसतं अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरवून आणता येत नाही, मध्ये परदेशी बंदर लागतं. आणि क्रूझ जहाजांवर झेंडे असतात बहामा, पनामा, माल्टा असले. म्हणून हवाना गेलं तर फ्लोरिडातल्याच 'की वेस्ट' बेटावर भागवून घेऊ म्हणायची सोय नाही.

अलास्काच्या फेऱ्यांचंही तेच. सिअ‍ॅटलहून निघालेलं जहाज परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तास थांबतं. प्रवाशांना वाटतं फुलांच्या बागा बघायला थांबलंय. खरं म्हणजे कायद्याला पाय टेकवायला थांबलेलं असतं. २०२१ मध्ये कॅनडाने साथीमुळे बंदरं बंद ठेवली, तर अलास्काचा सगळा उन्हाळा बुडायची वेळ आली. मे महिन्यात अमेरिकी संसदेने तात्पुरता कायदा करून ती अट बाजूला ठेवली तेव्हा कुठे थोड्या फेऱ्या झाल्या. कॅनडाच्या नियमाने अलास्कातल्या दुकानदाराचं वर्ष जाणार होतं.

आणि बंदर रद्द झालं की क्रूचं काय होतं ते कोणीच लिहीत नाही. एरवी प्रवासी दिवसभर उतरलेले असतात, तेवढ्यात आम्ही केबिनी उरकून तासभर पाठ टेकतो. बंदर गेलं की दोन हजार माणसं दुपारभर जहाजावरच. पूलचे टॉवेल दुप्पट, जेवणाच्या रांगा दुप्पट, आणि चिडलेला प्रवासी अमेरिकेच्या अध्यक्षांना काही बोलू शकत नाही, समोर मी असतो.

आता मुंबईचा संबंध. हवानाला जहाजांसाठी जुन्या शहराला लागून एक टर्मिनल आहे, एका वेळी एका धक्क्याच्या दोन बाजूंना दोन जहाजं. आमच्या शेजारी बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीचं 'एम्प्रेस ऑफ द सीज' लागलेलं असायचं. १९९० सालचं, फ्रान्समध्ये बांधलेलं, सुमारे ४८ हजार टनांचं, आजच्या हिशेबाने छोटंच. छोटं म्हणूनच क्युबाच्या बंदरांना सोयीचं. २०१७ पासून ते हवानाला यायचं. २०१९ मध्ये त्याचाही रस्ता बंद झाला, पुढच्या वर्षी साथ आली आणि मालकांनी ते विकलं. सप्टेंबर २०२१ पासून तेच जहाज कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' म्हणून मुंबईहून फिरू लागलं. मुंबईकरांना ते त्या ऑक्टोबरच्या अमली पदार्थांसाठीच्या गाजलेल्या छाप्यामुळे माहीत. मी बॅलार्ड पिअरला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओळखायला वेळ लागला, रंग बदललेला. ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसं झालं.

या जहाजाची गंमत अशी, की एका सरकारच्या नियमातून सुटून ते आपल्याकडे आलं, तर इथेही तेच. जून २०२२ मध्ये चेन्नईहून पुदुच्चेरीला गेलं, तर जहाजावर कॅसिनो आहे म्हणून तिथल्या प्रशासनाने लागू दिलं नाही. तिकिटं विकलेली, प्रवासी डेकवर, किनारा समोर. कॅसिनोला हरकत असायला माझी हरकत नाही. पण जहाजावर कॅसिनो आहे हे त्या सकाळी कळलं का? ते तर जाहिरातीत होतं.

नियमच नकोत असं मी म्हणत नाही, उलट जहाजांना आवर घालावाच लागतो. व्हेनिसला मी दोनदा गेलोय. आमच्या चौदाव्या मजल्यावरून खालच्या घरांच्या कौलांवर काय वाळत घातलंय ते दिसायचं. एवढं धूड कालव्यातून नेणं चूकच होतं. इटलीने ते बंद केलं हे उत्तम झालं. पण कसं केलं? १३ जुलै २०२१ ला जाहीर, १ ऑगस्टपासून लागू, भर हंगामात. मग कंपन्यांनी फेरीचं नाव व्हेनिसच ठेवलं आणि माणसं उतरवली मोनफाल्कोनेला नाहीतर रावेन्नाला, तिथून पुढे बस. महाबळेश्वरचं तिकीट घेऊन वाईला उतरवल्यासारखं. उलट मेक्सिकोने डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझ प्रवाशांवर माणशी ४२ डॉलरचा कर ठरवला, ओरड झाली, बोलणी झाली, आणि जुलै २०२५ पासून ५ डॉलर, मग टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत २१ असं ठरलं. कर लागलाच, पण कोणत्या वर्षी किती ते आज कागदावर आहे, कंपनी ते तिकिटात धरते आणि जहाज कोझुमेलला जातच राहतं.

माझा चुलतभाऊ वास्कोला टॅक्सी चालवतो. मुरगावला जहाज लागायचं असलं की पहाटे उठून गाडी धुतो, ओल्ड गोव्याच्या दोन फेऱ्या पक्क्या धरतो. फेरी रद्द झाली तर प्रवाशाला ईमेल येतो, एजंटला येतो, क्रूला येतो. याला कोण कळवणार? गेल्या हंगामात एकदा तो दहा वाजेपर्यंत गेटवर उभा होता. शेवटी चहावाल्याने सांगितलं. जहाज का आलं नाही ते आजतागायत त्याला माहीत नाही. हवानाच्या चौकातही जुन्या शेवरलेटवाल्यांची अशीच रांग असायची. ६ जूनला ते किती वाजेपर्यंत उभे राहिले असतील कोण जाणे.

म्हणून आपल्यामार्फत केंद्र आणि राज्य सरकारला एवढंच सांगायचं आहे. क्रूझसाठी आपण बरंच काही केलं आहे. ई-व्हिसा मुंबई, मुरगाव, कोचीच्या बंदरांत चालतो. परदेशी जहाज तात्पुरतं किनारी फेरीवर आलं तर आयजीएसटीत (आयातीवरच्या जीएसटीत) सशर्त सूट द्यायचं २०२३ मध्ये ठरलं. छान. पण त्यातही सहा महिन्यांत जहाज परत परदेशी फेरीवर गेलं पाहिजे अशी अट आहे, आणि इथे प्रत्येक सवलत अशी मुदतीची असते. मुदत संपत आली की वाढणार की नाही हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही. तिकडे जहाजवाला २०२८ च्या डिसेंबरचा धक्का आत्ता ठरवतोय. त्याला सवलत थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण ती डिसेंबर २०२८ मध्ये असेल का हे आज कळायला हवं. तेव्हा जो काही नवा नियम, कर, बंदी येईल तो आधीच विक्रीला निघालेल्या फेऱ्यांना लागू होणार नाही, एवढं एक कलम घाला. सुरक्षेचा किंवा साथीचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. आणि लक्षद्वीप, गोवा, पुदुच्चेरी, दीव ज्यांना कॅसिनो नको, अमुक टनांवरचं जहाज नको, रविवारी नको, त्यांनी ते हंगामाच्या दोन वर्षं आधी एका यादीत लिहून द्यावं. नाही म्हणायचा हक्क त्यांचाच आहे. मे महिन्यात मालवणच्या धक्क्यावर किल्ल्याला जायची गर्दी बघितली की आम्हालाही तो हक्क कधीतरी बजावावा लागेल असं वाटतं.

माझा भाचा यंदाच जहाजावर लागला. सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), मेडिकल, अमेरिकेचा व्हिसा, सगळं स्वतःचं स्वतः केलं पठ्ठ्याने. परवा फोन आला, त्याच्या जहाजाच्या पुढच्या एका लांब फेरीत मुंबई आहे. ताईने तेव्हापासून घरात सगळ्यांना सांगून टाकलंय, धक्क्यावर खाजं आणि कोकमं घेऊन जायचा बेत आहे. मी तिला म्हटलं, रेल्वेचं तिकीट काढ, पण रद्द करता येईल असं काढ.

(नाव छापू नये, भाचा अजून नोकरीत आहे.)

आपला,
एक निवृत्त केबिन स्टुअर्ड
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग