पुलावरच्या त्या दोघांबद्दल

सांगली,
रविवार, दुपार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फ्रेंच सिनेमा बघितला. तुझे बाबा अर्ध्यात घोरायला लागले, मी शेवटपर्यंत बसले. खालच्या इंग्रजी ओळी भराभर पळतात, त्यामुळं मधेमधे मागं घ्यावं लागलं. पॅरिसच्या 'पाँ नफ' पुलावर राहणाऱ्या प्रेमिकांची ही गोष्ट १९९१ ची, दिग्दर्शक लेओस काराक्सची. खऱ्या पुलावर शूटिंग करायची मुदत संपली म्हणून त्यानं दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएजवळ अख्खा पूलच नव्यानं उभा केला, हे वाचून आधी हसले. ज्यांना छप्पर नाही अशा दोघांची गोष्ट सांगायला एवढं बांधकाम! पण आपण सांगलीकर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक उभं केलं, तेव्हाही राजेसाहेब पैसे कशावर घालवतायत म्हणून गावात कुणीतरी नाक मुरडलंच असेल. त्यामुळं खर्चावर मी काही बोलत नाही.

मला सगळ्यात खरी वाटली ती सुरुवात. पुलावर राहणारा आलेक्स रात्री रस्त्यात पडलेला, त्याच्या पायावरून गाडी जाते. मग त्याला बाकीच्या बेघरांबरोबर गाडीत भरून नेतात, अंघोळी घालतात. ती माणसं नट नाहीतच, बघताक्षणी कळतं. अंगाला हात लावला की दचकणारी अशी माणसं मी नर्सच्या नोकरीत किती बघितली. आणि मग तो पायाला प्लास्टर घेऊन पुन्हा पुलावर. आम्ही डिस्चार्ज देताना सांगायचो, प्लास्टर भिजवू नका, पाय उशीवर उंच ठेवा. ऐकणाऱ्याला उशीच नाही हे कागद हातात दिल्यावर लक्षात यायचं.

त्या झोपेच्या औषधाच्या कुप्याही बरोबर दाखवल्यात. पुलावरच राहणारा म्हातारा हान्स त्या सांभाळतो आणि आलेक्सला देतो. उपाशी कसं राहतात असं लोक विचारतात, पण रस्त्यावर खरी चणचण असते ती झोपेची. मिरज स्टेशनबाहेर रात्री कधी उतरलीस तर बघ. चपला डोक्याखाली, गाठोड्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. अशी झोप म्हणजे रात्रभर दाराला कान लावून बसणं. आलेक्सचा जीव जिच्यावर जडतो त्या मिशेलला हान्स पुलावरून हाकलत असतो, तेव्हा तुला तो खडूस वाटला असेल. त्याची बायको रस्त्यावर राहूनच वारलेली असते. बाईमाणसाचं इथं काय होतं हे त्या पुलावर त्याच्याएवढं कुणालाच माहीत नाही. मला त्या सिनेमात शहाणा वाटला तो तोच.

आता आपलं भांडण. मिशेलची दृष्टी चाललीय, घरचे तिला शोधतायत, इलाज निघालाय म्हणून भिंतीभिंतींवर तिची पोस्टरं लागतात आणि आलेक्स ती जाळत सुटतो. तू लिहिलंयस, 'आई, याहून निखळ प्रेम मी पडद्यावर बघितलं नाही.' मुक्ता, त्या आगीत पोस्टरं लावणारा माणूस जळून मरतो गं! तो तुझ्या पत्रात कुठंच नाही. आणि तो सोडून दिला तरी, तिला दिसायला लागलं तर ती जाईल, म्हणून तिनं आंधळंच राहावं असं वाटणं, याला निखळ कसं म्हणायचं? दिग्दर्शकानं ते सुंदर दाखवलंय, ज्युलिएत बिनोश तर काय काम करते! पण सुंदर दिसतं म्हणून मी नर्स असल्याचं विसरू काय?

तुला डिप्लोमाच्या फिल्मसाठी मिरजेतल्या बेघर जोडप्यावर लिहायचंय, म्हणून एक सांगते. आमच्या वॉर्डात एक बाई आली होती. साखरेनं पायाची दोन बोटं काळी पडलेली, काढणं भाग होतं. बरोबर एक माणूस. अंगठा तिचा चालतो, पण कागदावर नातेवाईकाचीही सही घ्यायची पद्धत. विचारलं, तुम्ही यांचे कोण? तो म्हणाला, 'आम्ही एका झाडाखाली असतो.' मी ती जागा कोरी सोडली.

बाई ऑपरेशनला तयार नव्हती. त्यानंच बाहेरच्या कट्ट्यावर बसवून तिची समजूत काढली. पहिल्या दिवशी भेटायच्या वेळेला वॉचमननं त्याला कपड्यांवरून हटकलं. दुसऱ्या दिवसापासून तो नळावर डोकं भिजवून, केस चापून बसवून यायचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोऱ्यानं गाठ मारून चहा आणायचा. बिनसाखरेचा. एका कटिंगसाठी वेगळं आधण कोण ठेवणार म्हणून टपरीवाला कुरकुरायचा, तरी हा करून घ्यायचाच. ती तोंड वाकडं करून प्यायची आणि वर त्यालाच शिव्या घालायची.

बरी झाली तर तिची रवानगी निवारा केंद्रात होणार हे त्याला आम्ही आधीच सांगितलं होतं. तिथं बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी. तसं असायलाच हवं, नाहीतर एकटी बाई तिथं पाऊल टाकणार नाही. पण नवराबायको असल्याचा कागद नसलेल्या जोडप्याला त्या दारातच फुटावं लागतं. तुझा सिनेमा त्या दारात आहे असं मला वाटतं. ती दोघंही आत गेली नाहीत. ड्रेसिंगला यायची तेव्हा पट्टीवर धूळ असायची, आणि पिशवीतला चहा असायचा.

लिहायला बसशील तेव्हा आकडेही जवळ ठेव. २०११ च्या जनगणनेत देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास बेघर मोजले. शहरात लाख वस्तीमागं किमान शंभर माणसांचा निवारा हवा, असं सरकारी योजनेतच लिहिलंय. सांगली-मिरज-कुपवाड तेव्हाच पाच लाखांवर गेलेलं, हिशेब तूच कर. शिवाय १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा आहे. हात पसरला म्हणून माणसाला धरून नेता येतं, त्यामुळं पोलिसाची शिट्टी वाजली की कोण कुठं पळतं याचीही एक रीत ठरलेली असते. ती विचारून घे.

पूर घालायचा मोह होईल, घाल. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातली बंगलेवाली माणसंही शाळेत सतरंजीवर झोपली, आपण मावशीकडे गेलो. सगळे सारखे झाले, असं तेव्हा जो तो म्हणत होता. पाणी उतरल्यावर पंचनामे सुरू झाले आणि घर बुडालेल्याला अनुदान मिळालं. घाटावर झोपणाऱ्याचं काय बुडालं म्हणून लिहायचं?

आणि मावशीशी फोनवर बोल. जनगणनेत तिला बेघरांच्या मोजणीची ड्युटी होती. ती मोजणी एकाच रात्रीत उरकतात, २८ फेब्रुवारीला. तिनं मिरजेत बॅटरी घेऊन माणसं उठवली होती. एका पांघरुणाखालची दोघं उठून बसली आणि तिनं कागदावरचं विचारलं, कुटुंबप्रमुख कोण? दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तिनं शेवटी काय लिहिलं ते तिच्याकडूनच ऐक, मला सांगताना दरवेळी वेगळं सांगते.

शूटिंगला याल तेव्हा मुलांची जेवणं आपल्याकडे. फक्त त्या लोकांचं शूटिंग करण्याआधी चारपाच दिवस कॅमेऱ्याशिवाय ये, मी बरोबर येईन. त्या टपरीवाल्याला मी ओळखते.

तुझी,
आई