कॅमेऱ्याला हार, आवाराचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाला दरवर्षी हार पडतो, वृत्तपत्रांत फोटो येतो. पण चित्रकार बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या काळात चित्रण व्हायचे कसे, हे तिथे उभे राहून कुणाला कळत नाही. ‘कोल्हापुरात कॅमेरा बनला’ एवढ्यावर भागवले जाते.

त्या कॅमेऱ्यात अवघड होती ती फिल्म ओढणारी नखी. दर चौकटीला तिने फिल्मच्या कडेची चार छिद्रे, म्हणजे 19 मिलिमीटर फिल्म खाली ओढायची आणि झडप (शटर) उघडी असेपर्यंत ती जागच्या जागी ठेवायची. केसभर ढिलाई राहिली तरी पडद्यावर चित्र थरथरते. हा कॅमेरा घडवायला घेतलेले आनंदराव पेंटर 1916 मध्ये वारले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या साथीने काम 1918 मध्ये तडीस नेले. मूकपटाचा दांडा हातानेच फिरायचा: सेकंदाला दोन फेरे, 16 चौकटी, एक फूट फिल्म. हात मंदावला की पडद्यावर माणसे पळत सुटतात.

स्टुडिओ म्हणजे तेव्हा उघडे आवार. वर दोऱ्यांवर सरकणारे पातळ पांढरे कापड, बाजूला परावर्तक. ऊन डोक्यावर आले की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, म्हणून सकाळ आणि उतरती दुपार साधायची. वारा सुटला की कापडाबरोबर उजेडही हलणार. आणि आपला पाऊस तर विचारूच नका! शिवाय ती फिल्म तांबड्याला आंधळी. कुंकू काळे, निळे आभाळ कोरे पांढरे. वेष आणि नेपथ्य छटा बघून निवडावे लागे, तिथे चित्रकाराची नजर कामी आली. रंगवलेले पडदे सोडून बाबूरावांनी घडीव नेपथ्य उभे केले, ‘सिंहगड’मध्ये (1923) कृत्रिम प्रकाशही वापरला.

‘प्रभात’ फिल्म कंपनी वेगळी. ती 1 जून 1929 ला निघाली, याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींच्या पुढाकाराने. ‘अयोध्येचा राजा’ (1932) करून 1933 मध्ये पुण्याला गेली. बोलपटाला कापडी छत चालत नाही, फडफड आणि कावळे दोन्ही ध्वनिमुद्रणात येतात. भाषणांत मात्र दोन्ही कंपन्यांची सर्रास खिचडी होते.

स्तंभापाशी एक फलक लावावा: आवाराचा आराखडा, कापडाच्या दोऱ्या, आणि चार छिद्रांची एक चौकट खऱ्या मापात. शाळेच्या पोरांना बोट ठेवून बघता येईल इतक्या उंचीवर.

— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर