बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आठ-दहा माणसं गोल करून एकमेकांपुढे रडतात, त्यानं होतं काय?" तेव्हा दाराशी पेशंट ताटकळत होते, म्हणून आता लिहितेय.

आमच्या मानसोपचाराच्या गटात रडारड फारशी होतच नाही. तो वर्ग असतो, अगदी फळ्यासकट! आठवड्यातून एकदा, दोन-अडीच तास. आधी गृहपाठ: कुठे भडका उडाला, शिकवलेलं त्यातलं काय वापरलं. मग नवा धडा. शिकवायला आम्ही दोघी. एक फळ्याशी, दुसरी कुणाचा चेहरा उतरलाय त्यावर लक्ष ठेवून. स्वतःला इजा केल्याचे तपशील मात्र गटात काढायचे नाहीत, कारण ऐकणाऱ्यालाही झळ लागते. ते एकट्याच्या सेशनमध्ये.

या पद्धतीला डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणतात. अमेरिकेतल्या सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ती आत्महत्येच्या टोकाशी गेलेल्या बायकांसोबत काम करताना घडवली; १९९३ साली पुस्तकरूपात आली. तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं. म्हणूनच की काय, त्यांच्या धड्यांत उपदेश कमी आणि कृती जास्त.

तुम्ही म्हणाल, मन आवरायला आपल्या संतांनी कधीच सांगितलंय. सांगितलंय खरं, पण सकाळी सातला सासूशी वाजल्यावर नेमकं काय करायचं, ते आम्ही घोटून घेतो. राग शिगेला पोचला की समजूत कामाची नसते, आधी शरीर थंड करावं लागतं. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात अर्धा मिनिट धरायचा. पाण्यात बुडी मारल्यावर मंदावतात तसे हृदयाचे ठोके मंदावतात.

बाबा, तुमची अँजिओप्लास्टी झालीय. हे तुम्ही अजिबात करून बघायचं नाही! तुमच्यासाठी दुसरा धडा: श्वास घ्यायला जितका वेळ, त्याहून जास्त सोडायला. सोसायटीच्या मीटिंगला निघण्याआधी पाच मिनिटं. आणि सेक्रेटरी बोलत असतानाही चालेल, कुणाला कळत नाही.

आई, नातं न तोडता 'नाही' कसं म्हणायचं, हाही एक पूर्ण धडा आहे. तो दिवाळीत आले की तोंडीच घेईन, कारण पत्र आधी बाबा वाचतात आणि तुला सराव त्यांच्यावरच करायचाय.

तुमची,
चिमी